गुरुवारचा खण

अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी परवा रात्री वाचून संपवली. वाडा डोळ्यांसमोर उभा राहतो, आजी तर झकास जमली आहे. पण छातीत एकदाही धडधडलं नाही.

पुतण्याने आजीच्या गोळ्या बदलल्या, हे तू पान 212 पर्यंत दडवून ठेवलं आहेस. तिथे पोचल्यावर मी 'अरेच्चा!' म्हटलं आणि चहा टाकायला उठलो. दोनशे पानं राखण केलीस आणि पदरात काय पडलं, तर एक अरेच्चा. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला मुलाखत देताना हा हिशेब मांडला होता. टेबलाखालचा बॉम्ब अवचित फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तो तिथे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. टेबलाभोवतीच्या गप्पा दोन्ही वेळा त्याच, रटाळ.

आता तुझी ती गोळ्यांची डबी घे. सोमवार ते रविवार, सात खण. पहिल्या प्रकरणात तिचं वर्णन केलंस आणि पुढे तिला हातही लावला नाहीस! पान 30 वरच मला दाखव: घरात कुणी नाही, पुतण्या गुरुवारच्या खणातली गोळी काढतो, दुसरी टाकतो, झाकण टक् करून बसवतो. बस्स. मग आजी सोमवारी निवांत मेथी निवडू दे, मंगळवारी शेजारणीशी भांडू दे. मी मुकाट्याने वार मोजत बसेन. बुधवारी रात्री लाइट जाऊ देत आणि अंधारात चाचपडताना तिचं बोट भलत्याच खणावर पडू दे. तेव्हा मी चहाला उठलो, तर सांग.

आपला घोळ मुळात शब्दात आहे. या सगळ्या प्रकाराला आपण सरसकट 'रहस्यकथा' म्हणतो आणि लिहिणाऱ्याला वाटतं, लपवणं हेच आपलं काम. ते कोड्याच्या कथेत. तिथले नियम वेगळे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने 1929 साली त्यांची दहा कलमंच करून ठेवली, त्यातलं एक असं की डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. तुझी कथा कोड्याची नाही. खुनी कोण हे कळूनही ती संपत नाही, उलट तिथून सुरू होते.

पण एक पथ्य पाळ. याच हिचकॉकने 1936 च्या एका चित्रपटात नकळत बॉम्ब घेऊन निघालेल्या पोरासाठी प्रेक्षकांचा जीव टांगून ठेवला, आणि शेवटी बसमध्ये तो बॉम्ब खरोखर फोडला. पोरगं गेलं. लोक चिडले, आणि ती आपली चूक होती हे त्यानेही पुढे कबूल केलं. आजीचं काय करायचं ते तू ठरव, पण हे ध्यानात ठेवून ठरव.

पत्रात तू दोनदा लिहिलं आहेस, 'ही नुसती रहस्यकथा नाही.' ही माफी कुणाकडे मागतो आहोत आपण? बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आमच्या वाचनालयात त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या कथांच्या प्रती हाताळून हाताळून पानं सुटलेल्या असत, आणि नेमकं शेवटचं पान गायब. एवढं वाचून घेणारं 'नुसतं' मला तरी जमलेलं नाही.

माझी पद्धत विचारली होतीस. शेवट आधी लिहितो. मग चौकटीच्या वहीत कोष्टक आखतो: वार, वेळ, कोण कुठे, कुणाला काय माहीत. आणि शेवटचा रकाना, वाचकाला काय माहीत. तो रिकामा राहिला की प्रकरण पडलंच समज. अगाथा ख्रिस्तीच्या सत्तरच्या वर वह्या उरल्या आहेत; त्यात ती प्रसंगांना अ, ब, क अशी अक्षरं देई आणि मग त्यांचा क्रम फिरवून बघे. करून बघ. डबीचा प्रसंग पुढे-मागे सरकवलास की सगळ्या कादंबरीची चाल बदलते.

तपशिलात मात्र मी एकदा सपाटून आपटलो आहे. 1994 मध्ये घडणाऱ्या कथेत माझा खुनी कोकण रेल्वेने मुंबईहून थेट मडगावला गेला आणि त्यावरच त्याचा बचाव उभा होता. रत्नागिरीच्या एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: 'महोदय, पूर्ण मार्ग 1998 च्या जानेवारीत खुला झाला. आपला खुनी चार वर्षं फलाटावरच असावा.' ते कार्ड अजून त्या वहीत आहे.

तेव्हा पहिली चाळीस पानं नव्याने लिहून धाड. आणि हो, पान 88 वर तुझी काकू गुरुवारी दुपारी ती डबी नळाखाली धुते. पुण्यात? दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा बहुतेक वेळा हाच वार. तिला पिंपातलं पाणी दे, नाहीतर खण बदल.

तुझा,
काका