शेकडा किती?

"ताई, माझी स्मरणशक्ती जायला लागलीय का, तेवढं आधी सांगा," खुर्चीत बसता बसताच काकूंनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, इथे त्यांना काकूच म्हणते.) वय चोपन्न. यजमान जाऊन सात महिने झाले होते. त्यांच्या पश्चात मिळालेले १४ लाख रुपये बचत खात्यात पडून होते, आणि पुतण्या एका योजनेचा फॉर्म घेऊन दोनदा येऊन गेला होता. बँकेत साहेब सांगत होते, 'सेव्हन परसेंट', 'क्वार्टर्ली', 'ट्वेल्व्ह इयर्स'. काकूंना दरदरून घाम फुटला. "समजलं ना?" असं विचारल्यावर त्या "हो" म्हणाल्या आणि घरी येऊन रडल्या. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू नुसती सही कर."

आकडे समोर आले की डोकं कोरं होतं, मग निर्णय दुसऱ्यावर सोपवलेलाच बरा नाही का, हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेच जण घेऊन येतात. त्यातही ज्यांच्या घरचा व्यवहार आयुष्यभर यजमानांनी पाहिला, अशा बायका जास्त.

स्मरणशक्तीची शंका मी बाजूला सारली नाही. गॅस चालू राहतो का, ओळखीचा रस्ता चुकतो का, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो का? यातलं काही असतं, तर त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. डोकं कोरं व्हायचं ते फक्त टेबलापलीकडे कोणी आकडे बोलायला लागलं की.

मग दिवसभर काय करता, असं विचारलं. काकू पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. साखरपुडा, बारसं, वास्तुशांत. भाव शेकड्यावर, शेकडा साडेसातशे. मी म्हटलं, दोनशे चाळीस पोळ्या हव्यात, किती झाले? "दोनशेचे पंधराशे, चाळीसचे तीनशे. अठराशे." उत्तर यायला दोन सेकंदही लागले नाहीत. चाळीसचे तीनशे कसे, तर "साडेसात चोक तीस." पाढा त्यांच्या जिभेवर होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. पाढे आपण आकडेमोड करून काढत नाही, ते सुरासकट, ठेक्यासकट आठवतात. ज्या भाषेत घोकले, त्याच भाषेत ते सापडतात. १९९९ साली मेंदू आणि मनाचे अभ्यासक स्तानिस्लास देहान, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांना एका भाषेत बेरजा शिकवल्या आणि दोन्ही भाषांत विचारल्या. नेमकं उत्तर शिकलेल्या भाषेत लवकर यायचं, दुसऱ्या भाषेत वेळ लागायचा. अंदाजाने उत्तर द्यायचं असेल, तर मात्र भाषेने फरक पडत नव्हता. कणकेच्या गोळ्याकडे बघून किती पोळ्या होतील हे काकू सांगतात, तो हा अंदाज. त्याला शब्द लागत नाहीत.

त्यात आपल्या संख्यांची नावं. 'सेव्हन्टी नाइन' कानावर पडलं की आधी सत्तर आणि नऊ जोडायचे, मग त्यातून 'एकोणऐंशी' शोधायचं, म्हणजे ऐंशीला एक कमी. तोवर समोरचा तीन वाक्यं पुढे गेलेला असतो. मनात एका वेळी धरून ठेवायची जागा लहान आहे, जेमतेम चार गोष्टींची. भीती वाटली की त्यातलीही काही जागा भीतीच अडवते. नवरा गेलेल्या बाईच्या मनात तर आधीच गर्दी असते. काकूंची बुद्धी कमी नव्हती. त्यांना उत्तर शोधायला वेळच मिळत नव्हता.

पहिल्या बैठकीत मी चुकले. कागदावर टक्केवारीचं सूत्र मांडायला घेतलं आणि काकूंचा चेहरा पुन्हा तसाच झाला. दुसऱ्या वेळी सूत्र सोडलं. म्हटलं, टक्का म्हणजे तुमचा शेकडाच. शंभर पोळ्यांमागे साडेसातशे, तसे शंभर रुपयांमागे वर्षाला सात. त्या हळूहळू बोलू लागल्या. "हजाराला सत्तर. लाखाला सात हजार. चौदा लाखांना... चौदा साती अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव हजार." आणि थांबून, "म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या वर." या आठ हजारांना अर्थ होता. त्यात किराणा आणि औषधं बसत होती.

पुतण्याच्या योजनेत 'बारा वर्षांत दुप्पट' होते. दुप्पट हा शब्द मनात घर करतो. बारा वर्षं गळून पडतात आणि दुप्पट तेवढं राहतं. मी त्यांना जुनी रीत सांगितली, बाहत्तरला वर्षांनी भागायचं. बारा सक बाहत्तर. म्हणजे शेकडा साधारण सहा. शेकडा सातने व्याज न काढता बारा वर्षं ठेवले आणि दर तोच राहिला, तर चौदाचे साडेएकतीस लाखांच्या आसपास होतात, अठ्ठावीस नव्हे. दर बदलतात, कर लागतो, योजनेत विमाही असू शकतो. हे मी स्पष्ट केलं. पैसे कुठे ठेवावेत हे सांगणं माझं काम नाही, त्यासाठी कमिशन न घेणारा नोंदणीकृत सल्लागार गाठा म्हटलं. पण दुसऱ्याच्या घाईवर सही करू नका, हे मी ठामपणे सांगितलं, आणि ते माझंच काम आहे असं मी मानते.

काकूंनी घरी एकच सराव केला. कोणी आकडा बोललं की "लिहून द्या" म्हणायचं, तो घरी आणायचा, मोठ्याने मराठीत वाचायचा आणि रात्र जाऊ द्यायची.

चौथ्या बैठकीला त्या ऑर्डरींची वही घेऊन आल्या. मागच्या पानावर बँकेतल्या साहेबांच्या अक्षरात दर होते, खाली काकूंच्या अक्षरात महिन्याचा हिशेब. पुतण्याला त्यांनी विचारलं होतं, "शेकडा किती पडतं, तेवढं सांग." तो म्हणाला, विचारून सांगतो. त्यानंतर तो आलेला नाही.

"हिशेब जमला हो," वही मिटत काकू म्हणाल्या. "पण दिवाळीला येईल ना तो?"

पुढची बैठक त्यासाठी ठेवली आहे.