धनुष्याची एक बाजू कोपरासारखी वाकते, कुठलं लाकूड काढू?

तुम्ही धामणीच्या लाकडाचं पहिलंच धनुष्य घडवताय. खालची बाजू मुठीपासून वीतभर अंतरावर कोपरासारखी वाकते, वरची ताठ राहते, म्हणून विचारलंत.

आधी ते ताणणं थांबवा. कोपर पडलंय तिथे पेन्सिलने फुली मारा आणि त्या जागेला पुन्हा कानस लावू नका. गेलेलं लाकूड परत येत नाही. फुलीच्या दोन्ही अंगांचं आणि वरच्या ताठ बाजूचं लाकूड कमी करून त्यांना तिच्या बरोबरीला आणायचं. यात धनुष्याच्या ओढीचा जोर उतरणारच. १४ किलोचं ठरवलं असेल तर ११ चं चालवून घ्या, ते जगेल.

लाकूड फक्त पोटाकडून, म्हणजे ओढताना आपल्याकडे असलेल्या अंगाने काढा. पाठीवर ताण येतो. तिथले लाकडाचे रेषे तुटले की धनुष्य गेलं. माझं पहिलं असंच गेलं. पाठ गुळगुळीत दिसावी म्हणून मी रंधा मारला, रेषे कापले गेले आणि २० इंच ओढल्यावर चिलपी उठून ते मोडलं. त्या लाकडाबद्दल अजून हळहळ वाटते.

आता रंधा नको. फुटक्या काचेच्या कडेने खरवडा. आठ-दहा हात मारले की धनुष्य २५-३० वेळा हलकं ओढा. खरवडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, लाकूड हलल्यावर दिसतो. न थांबता खरवडत राहिलात तर आजची ताठ बाजू उद्या कमजोर निघते.

बाक पाहायला धनुष्य भिंतीच्या खुंटीवर मुठीशी टेकवा, दोरीला बांधलेला दोर खालच्या कप्पीतून घेऊन लांब उभं राहून ओढा. भिंतीवर चौकटी आखल्या तर फरक चटकन दिसतो. चूक दिसली त्या इंचाच्या पुढे ओढायचं नाही, ती निघेपर्यंत.

पावसाळ्यात मात्र हे काम नको. आमच्या साताऱ्यातल्या पाटण-बामणोलीच्या अंगाला लाकूड हवेतली ओल धरतं आणि ओलसर धनुष्यात बाक कायमचा बसतो. दिवाळीनंतर घ्या.

साताऱ्याची तिरंदाज अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये जगज्जेती झाल्यापासून आमच्याकडची पोरं हौसेने घरचं धनुष्य मागतात. तिचं कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य वेगळंच, पण एक नियम दोन्हींना लागू: बाण न लावता दोरी सोडायची नाही. पोरांच्या हाती देण्याआधी हे नक्की सांगा. आणि खरवडून झाल्यावर समोरून काढलेला फोटो इथे टाका, दोन्ही बाजूंचा बाक मी बघतो.