नागपूरला खरंच ५६ डिग्री तापमान गेलं होतं का? फॅमिली ग्रुपवर फोटो फिरतोय

नाही, ते ५६ डिग्री खरं नव्हतं, सेन्सरचा बिघाड होता. ३० मे २०२४ ला, ऐन नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक हवामान स्टेशनवर तो आकडा दिसला आणि धडाधड स्क्रीनशॉट फिरले, पण नंतर हवामान खात्यानं रीडिंग चुकीचं असल्याचं सांगितलं ते फारसं कोणी फॉरवर्ड केलं नाही, याचंच वाईट वाटतं. साधं बघा ना, जगाचा रेकॉर्डच ५६.७ आहे, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ चा, आपल्या नागपूरचा ४७.९, मे २०१३ मधला. पण म्हणून "क्लायमेट चेंज म्हणजे नुसती अफवा" असं जे अशा फोटोंखाली कमेंटमध्ये लिहितात तेही चूकच, कारण हवामानातला बदल एका दुपारच्या आकड्यावरून नाही, ३०-३० वर्षांच्या सरासरीवरून बघतात.