सुरुवात १८९७ च्या प्लेगपासून करा

वैद्यकाचा इतिहास वाचायचाय आणि पुण्यात राहताय, तर आधी १८९७ चा प्लेग घ्या. विषय एकच, पण वर्षभर पुरेल.

नव्यांची नेहमीची चूक म्हणजे त्या काळच्या लोकांना अडाणी ठरवून मोकळं होणं. येर्सँनं प्लेगचा जंतू १८९४ मध्ये शोधला, पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे सिमाँनं मांडलं १८९८ मध्ये, आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या कमिटीचे गोरे सोजीर घरात घुसून अंथरुणं बाहेर काढत होते, तेव्हा पिसवा कुणाच्या डोक्यातच नव्हत्या. मग लोक दुखणं का लपवू लागले ते नीट कळतं. २०२० मध्ये कोविडची तपासणी टाळणाऱ्यांकडेही तुम्ही वेगळ्या नजरेनं पाहाल.

दुसरी चूक, फक्त चापेकरांनी गणेशखिंडीत २२ जूनला रँडवर झाडलेली गोळी वाचणं. रुग्णसेवा करताना १० मार्चला प्लेगनंच गेलेल्या सावित्रीबाई आणि मुंबईत प्लेगची लस बनवून ती आधी स्वतःला टोचून घेणारा हाफकिन हेही वाचा. माझ्या मते खरी शिकवण तिथंच आहे.

आता लगेच करण्यासारखं:
- १८९७ चा साथरोग कायदा वाचा. मूळ कलमं जेमतेम चार. २०२० मध्ये हाच वापरला.
- त्या वर्षीचे 'केसरी'चे अंक चाळा.
- वहीत तारीखवार लिहा: कोणाला, कधी, काय माहीत होतं. ही वही सोडू नका.

जंतुशास्त्रातले बारकावे तूर्त राहू द्या. अडलात की बिनधास्त विचारा.