पायडल गादीसारखं लागतं, हवा काढून काढून थकलो

(वाचकांचे प्रश्न, गॅरेजातून उत्तरं)

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी वरुड तालुक्यातला, आमची संत्र्याची बाग आहे आणि मला लहानपणापासून गाडीचा नाद. दोन वर्षं पैसे साठवून बग्गीचं किट घेतलं, म्हणजे पाइपची चेसिस, ए-आर्म, सीटा हे सगळं आलं आणि इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक जुन्या मारुती ८०० चे टाकले, पुढं डिस्क मागं ड्रम. गाडी चालू झाली, वावरात दोन चकरा मारल्या, पण ब्रेक काही लागत नाही. पायडल दाबलं तं गादीवर पाय ठेवल्यासारखं खाली जाते, तीन-चार वेळा पंप मारला की टाइट होते, मिनिटभर सोडलं की परत तसंच. पाच वेळा ब्रेकच्या लाइनीतली हवा काढली, दोन लिटर ब्रेक ऑइल गेलं, तालुक्याच्या मिस्त्रीनं सांगितलं म्हणून मास्टर सिलेंडर (पायडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा) पण नवा टाकला. लिकेज कुठंच नाही. आता एकजण म्हणते फवारणीचा पंप जोडून प्रेशरनं हवा काढ. करू का? ब्रेक झाले की बहिणीच्या पोराला शेजारी बसवून परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे. फोटो पाठवले आहेत.

उत्तर : भाऊ, फवारणी पंपाचं आधी सांगतो, तो जोडूच नका. औषधाचा पंप कितीही धुतला तरी आत थोडं औषध आणि थोडं पाणी राहतंच, ते ब्रेकच्या लाइनीत गेलं की रबरंही जातात आणि सिलेंडरही गंजतो. प्रेशरनं हवा काढायची वेगळी वस्तू मिळते, ती सुद्धा १५-२० पीएसआयवर चालते, म्हणजे जास्त जोर लागतच नाही. आणि तुमच्याकडे जोराची कमी नाहीच, पाच वेळा पाय मारून झालाय. कमी आहे ती वाटेची, आतली हवा बाहेर यायला वाटच नाही.

तुमचे फोटो मी मोठे करून करून पाहिले. तिसऱ्या फोटोत पुढचं उजवं चाक आहे ना, त्यातलं कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा धरणारा भाग, पाहा, ब्रेकचा होज (रबरी नळी) वर लागलाय आणि हवा काढायचं निप्पल खाली जमिनीकडे आहे. हाच तुमचा आजार. तुमच्या बागेत ड्रिपच्या मेन लाइनवर एअर व्हॉल्व्ह कुठं बसवता? सगळ्यात उंच जागी, कारण हवा तिथं जाऊन बसते. कॅलिपरमध्ये तसंच आहे, हवा वर आणि निप्पल खाली, मग तुम्ही निप्पल खोललं की खालून ऑइल येतं, स्वच्छ येतं, बुडबुडा एक नाही, माणसाला वाटतं हवा निघाली, आणि हवा मात्र वरच्या कोपऱ्यात जशीच्या तशी. दोन लिटर नाही, वीस लिटर ऑइल टाकलं तरी ती तिथंच राहणार.

हे झालं कसं तेही फोटोत दिसतं. स्टिअरिंगच्या रॉडला जागा व्हावी म्हणून किटमध्ये डाव्या चाकाचं नकल (चाक आणि कॅलिपर ज्यावर बसतं तो लोखंडी तुकडा) उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे लावलंय, त्यात काही चूक नाही, बरेच किटवाले तसं करतात. पण तुम्ही कॅलिपर लावताना डावं ते डावीकडेच आणि उजवं ते उजवीकडेच ठेवलं, साहजिक आहे, कोणीही तसंच करेल. फक्त नकल बदललं म्हणजे कॅलिपरची जागा चाकाच्या पुढच्या बाजूची मागं किंवा मागची पुढं गेली, आणि त्या जागेवर त्याच बाजूचं कॅलिपर बसवलं की ते उलटं बसतं. तेव्हा कॅलिपरही अदलाबदल करा, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, निप्पल आपोआप वर येईल. होजच्या बोल्टाखाली तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंनी नवीन टाका, जुने दबलेले परत वापरू नका, आणि चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पाहा की होज ताणत नाही ना, कुठं घासत नाही ना.

आता हे एवढं केलं तरी लगेच खूश होऊ नका, कारण पहिल्या फोटोत अजून दोन गोष्टी दिसतायत. एक म्हणजे मागं जाणारी ब्रेकची नळी. ती मास्टरपासून निघते, गिअर लिव्हरजवळच्या पाइपावरून वर चढते आणि मग खाली उतरून मागं जाते, तो उंचवटा म्हणजे परत हवेचं घर. दुसरं म्हणजे मास्टर सिलेंडर, त्याचं पुढचं तोंड जरा वर उचललेलं आहे, नवा मास्टर तुम्ही कोरडाच बोल्ट केला असणार, मग पुढच्या बंद टोकाला हवा अडकून राहते. मास्टर नवा असला म्हणजे आत हवा नाही असं नसतं भाऊ, उलट नव्यातच जास्त असते.

कंपनीच्या गाडीत नळी कुठून जाईल, निप्पल कुठं येईल हे सगळं कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं, आपण फक्त हवा काढतो. किटच्या गाडीत ते ठरवणारा माणूस तुम्हीच. म्हणून किटच्या गाडीत हवा काढायच्या आधी पाना बाजूला ठेवून एकदा बोटानं सगळी लाइन फिरून या, मास्टरपासून प्रत्येक चाकापर्यंत, आणि स्वतःला विचारा की मी बुडबुडा असतो तर कुठं जाऊन बसलो असतो.

नळीचा उंचवटा शक्य असेल तर काढूनच टाका, चेसिसच्या खालच्या पाइपाला धरून नळी न्या. नवी नळी घ्याल तर ब्रेकचीच घ्या, एसीची किंवा फ्रिजची तांब्याची नळी काही जण वापरतात, ती वापरू नका, आणि टोकाला डबल फ्लेअर मारून घ्या, म्हणजे नळीचं तोंड फुलवून दुहेरी दुमडलेलं. मग मागून गाडी उचला, खाली घोड्या लावा, नुसत्या जॅकवर काम करू नका. मागून इतकी उचला की मास्टरचं पुढचं तोंड मागच्यापेक्षा जरा खाली येईल. आता निप्पल सगळी बंद ठेवून पायडल हातानं एक-दोन सेंटिमीटरच दाबा, सोडा, परत दाबा, सावकाश, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीत पाहत राहा, बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. ते थांबेपर्यंत करा, दहा-पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्या. मला विचाराल तर सगळ्या कामात हे सर्वात महत्त्वाचं आणि सगळे जण नेमकं हेच सोडतात.

पायडलच्या रॉडलाही थोडी ढील पाहिजे, एक-दोन मिलिमीटर. रॉड आधीच मास्टरला दाबून बसला असेल तर टाकीकडे जाणारं बारीक भोक बंद राहतं, हवा वर येत नाही आणि ब्रेक पकडून राहतात ते वेगळंच.

त्यानंतर एकेका चाकाच्या ब्रेकमधली हवा काढा. घरचं एक माणूस पायडलवर बसवा, तुम्ही निप्पलवर. मास्टर उजवीकडे आहे म्हणून मागचं डावं सगळ्यात लांब, तिथून सुरू करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निप्पलला पारदर्शक नळी लावा, माशांच्या टाकीची मिळते ती चांगली बसते, नळी आधी वर जाऊ द्या आणि मग वळवून बाटलीत, बाटलीत थोडं ऑइल असू द्या म्हणजे नळीचं टोक बुडालेलं राहील. तुम्ही "दाब" म्हणाल, तो दाबेल आणि धरून ठेवेल, तुम्ही निप्पल खोलाल, पायडल खाली जाईल, तुम्ही बंद कराल आणि मगच "सोड" म्हणाल. निप्पल बंद व्हायच्या आत पायडल सोडलं की नळीतून परत हवा आत ओढली जाते. आणि घाई नको, धडाधड पंप मारला की एक मोठा बुडबुडा फुटून शंभर बारीक होतात, ऑइल दुधासारखं दिसतं आणि मग ते निघता निघत नाहीत. दोन दाबांमध्ये पाच-दहा सेकंद जाऊ द्या. टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सगळं परत. जुना मास्टर असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी एक, पायडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण पायडल तळाला गेलं की आतली रबरं सिलेंडरच्या गंजलेल्या भागावर जातात आणि कापली जातात.

मागच्या ड्रमचं लायनर (आतून ड्रमला घासून ब्रेक लावतं ते) मात्र आधी अॅडजस्ट करा हं. लायनर ड्रमपासून लांब असलं तरी दोन-तीन पंप मारल्यावर पायडल वर येतं आणि लोक म्हणतात हवा आहे. फरक पायाला कळतो, लायनर लांब असेल तर पायडल खाली जाऊन दगडासारखं थांबतं, हवा असेल तर थांबत नाही, रबरासारखं दबत राहतं. आणि तिसरा प्रकार, पायडल कडक लागलं पण पाय दाबून धरला की हळूहळू खाली सरकत जातं, तर तो मास्टरच्या आतल्या वॉशरचा नाहीतर लिकेजचा दोष.

एवढ्यानंही नरम राहिलं तर गुळगुळीत जबड्याचा होज क्लॅम्प घ्या, पक्कड नको, पक्कडीनं होज आतून फाटतो. सगळे होज बंद करून पायडल दाबा. कडक लागलं म्हणजे मास्टर आणि नळ्या ठीक, दोष चाकाकडे. मग एकेक क्लॅम्प काढत जा, ज्या चाकाचा काढल्यावर पायडल नरम झालं ते चाक. शेवटी रात्रभर पायडल लाकडाच्या दांड्यानं सीटला टेकवून दाबून ठेवा, सकाळी हळूच सोडा. उरलेसुरले बारीक बुडबुडे बऱ्याचदा यानं टाकीकडे जातात.

आणि भाऊ, एक गोष्ट मनापासून सांगतो. पंप मारून टाइट होणाऱ्या ब्रेकवर गाडी वावराबाहेर काढू नका, बहिणीच्या पोराला शेजारी बसवून तर अजिबात नाही. अशाच एका घरी जोडलेल्या जीपमध्ये मी स्वतः बसलो होतो, उतारावर पहिल्यांदा पायडल खाली गेलं, दुसऱ्यांदा पंप मारायला वेळच मिळाला नाही, धुऱ्यावरच्या बाभळीनं थांबवलं म्हणून आज लिहितोय. पहिल्याच दाबात पायडल कडक लागलं पाहिजे, मिनिटभर जोरानं धरलं तरी सरकायला नको, मग वखरलेल्या वावरात, मग कडक जमिनीवर २० च्या स्पीडनं, चारही चाकं पाहत. रस्त्यावर न्यायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी लागते, परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढायचं तुम्ही लिहिलंय ते तोपर्यंत डोक्यातून काढा.

प्रश्न : मेहकरजवळून लिहितो. जुन्या जीपला पुढं एका पिकअपची मोठी डिस्क आणि कॅलिपर टाकले, मास्टर जुनाच. पायडल खूप खाली जाऊन लागते पण लागते तेव्हा कडक. दहा वेळा हवा काढली, बुडबुडा नाही. लायनर पण अॅडजस्ट केले.

उत्तर : तुमच्याकडे हवा नाहीच, हवा काढणं थांबवा. मोठ्या कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला पुढं सरकायला जास्त ऑइल लागतं आणि तुमचा लहान मास्टर एका दाबात तेवढं देत नाही, म्हणून पायडल लांब जातं. मास्टरवर बोअर, म्हणजे आतला व्यास, लिहिलेला असतो तो पाहा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमीचा असेल आणि तुम्ही ७/८ इंचाचा म्हणजे २२.२ मिमीचा टाकला तर तेवढ्याच दाबात साधारण ३६ टक्के जास्त ऑइल जाईल. पण तेवढाच जोर पायाला जास्त लागेल हेही लक्षात ठेवा, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर मांडी भरून येईल. म्हणून एकदम मोठा उचलू नका, एक साइज वर जा आणि पाहा. शक्य असेल तर ज्या पिकअपचे कॅलिपर तिचाच मास्टर आणि बूस्टर घ्या, जोडी जमलेली असते.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजची विद्यार्थिनी आहे, आमची टीम बाहा स्पर्धेसाठी बग्गी बनवते. ब्रेक ऑइल डॉट ४ पेक्षा डॉट ५ चांगलं का, नंबर मोठा आहे म्हणून? आणि मागच्या वर्षीची अर्धी बाटली आहे, चालेल का?

उत्तर : ताई, डॉट ५ टाकू नका. ते सिलिकॉनचं असतं, ३ आणि ४ मध्ये मिसळत नाही, त्यात बारीक हवा धरून राहते आणि पायडल नरमच लागतं, तुमच्या ब्रेक टेस्टला तर चारही चाकं लॉक व्हावी लागतात. मोठाच नंबर पाहिजे तर डॉट ५.१ वेगळं, ते ४ सारखंच ग्लायकॉलचं, नवं असताना २६० डिग्रीला उकळतं. डॉट ४ चं किमान २३०, आणि पाणी ओढलेल्या डॉट ४ चं १५५. हे पाणी ओढणंच मुख्य. ग्लायकॉलचं ऑइल हवेतली ओल खेचतं, आपल्याकडे उन्हाळ्यात नाही पण जून ते सप्टेंबर तर खेचतंच, मग सतत ब्रेक मारून कॅलिपर तापलं की ते पाणी उकळून वाफ होते आणि वाफ म्हणजे परत हवाच, सकाळी कडक असलेलं पायडल दुपारी तळाला जातं. अर्धी बाटली एक अख्खा पावसाळा उघडी राहिली आहे, ती गाडीत घालू नका. सीलबंद लहान बाटली आणा, फोडली त्याच दिवशी वापरा, आणि चेसिसच्या रंगावर सांडली तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलून निघतो.