‘एन्हान्सिंग’ म्हणजे ‘वाढणारी’ का?

मेंदूच्या एमआरआय अहवालातल्या ‘एन्हान्सिंग लीजन’चं भाषांतर ‘वाढणारी गाठ’ असं वाचनात आलं, ते बरोबर आहे का, असा प्रश्न आहे.

दोन्ही शब्द चुकलेत. ‘लीजन’ म्हणजे नुसता विकृत भाग. तो गाठीचा असेल, गळूचा किंवा एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या) चट्ट्याचाही असेल. आणि कोशात ‘एन्हान्स’ला ‘वाढवणे’ असलं तरी इथे वाढते ती चित्रातली चकाकी. तपासणीच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्या ते बाहेर पडू देत नाहीत. गाठीतल्या वाहिन्या मात्र बऱ्याचदा झिरपतात, औषध आजूबाजूला पसरतं, आणि टी-१ प्रकारच्या चित्रात तेवढा भाग पांढरा उठून दिसतो. म्हणून मी ‘उजळणारा भाग’ म्हणेन. (‘उजळणी’ नको, पाढे आठवतात.) या औषधाला लोक ‘डाय’ म्हणतात. बोलताना चालेल, पण लिहिताना ‘रंगद्रव्य’ नको. ते काहीच रंगवत नाही, जवळच्या पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश तेवढा बदलतं. सरळ ‘कॉन्ट्रास्ट’ लिहावं.

‘वाढ’ या शब्दाचा खरा घोळ उपचारानंतरच्या अहवालात होतो. ग्लायोब्लास्टोमाला (मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगाला) रेडिएशन दिल्यावर पहिल्या काही महिन्यांत, गाठ वाढलेली नसतानाही उजळणारा भाग मोठा दिसू शकतो आणि पुढे आपोआप ओसरतो. याला ‘स्यूडोप्रोग्रेशन’ म्हणतात, ‘आभासी वाढ’ म्हणा हवं तर. उलट बेव्हासिझुमॅब या औषधाने वाहिन्यांचं झिरपणं थांबतं, चकाकी मावळते, पण गाठ तिथेच असू शकते. आता ‘एन्हान्समेंट वाढलं, पण वाढ नाही’ हे त्या भाषांतरकाराच्या शब्दांत लिहून पाहा: ‘वाढ वाढली, पण वाढ नाही’!

हा पेच डॉक्टरांनाही पडतो, म्हणून तंत्रं वाढत गेली. पर्फ्यूजनमध्ये त्या भागाचा रक्तपुरवठा मोजतात; जोमदार गाठीत तो बहुधा जास्त असतो. स्पेक्ट्रोस्कोपीत कोलीनसारख्या रसायनांचं प्रमाण दिसतं. फ्लेअर प्रकारच्या चित्रात मेंदूच्या पोकळ्यांतल्या आणि भोवतालच्या मोकळ्या द्रवाचा संदेश दाबलेला असल्यानं सूज आणि गाठीचा न उजळणारा भाग ठळक होतो.

‘नॉन-एन्हान्सिंग’ला ‘न वाढणारी’ लिहिणं तर आणखी धोक्याचं. मंद गतीचे ग्लायोमा (मेंदूतल्या आधार-पेशींच्या गाठी) बऱ्याचदा उजळत नाहीत, पण हळूहळू वाढत असतात.