‘मनी मूठ कोठे शे?’

काकू,
माझी मोठी बहीण बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी गेली. तिच्या मुलाला मी आणि यांनी वाढवलं. आता तो सहा वर्षांचा आहे, मला मावशीच म्हणतो. भावजींनी दुसरं लग्न केलं, ते सुरतला असतात. परवा वाचनालयातून चित्रांचं पुस्तक आणलं. पानोपानी वेगळं घर : कुठे नुसते आजोबा आणि नात, कुठे बाप पोळ्या लाटतोय, एका पानावर दोन आया आणि एक मुलगी. त्या पानावर बोट ठेवून हा ओरडला, ‘मनासारखं!’ (माझ्यासारखं!) सासूबाईंनी ‘हाई काय दखाडी ऱ्हायनी पोऱ्याले?’ (हे काय दाखवतेस पोराला?) म्हणत पुस्तक ओढून माळ्यावर टाकलं. असली पुस्तकं त्याला दाखवू की नको? आधीच कानबाई देवीच्या रोटाच्या, म्हणजे नैवेद्याच्या, वेळी ‘मनी मूठ कोठे शे?’ (माझी मूठ कुठे आहे?) म्हणून रडला होता.
– एक मावशी, शहादा

मावशीबाई,
आधी ते पुस्तक माळ्यावरून काढ. वाचनालयाचं आहे, उंदरांनी कुरतडलं तर दंड तुलाच भरावा लागेल.

पोरानं वाचलं ते बरोबर वाचलं. त्याची एक आई भिंतीवरच्या फोटोत आहे, एक गॅसपाशी उभी आहे. मोजल्या तर दोनच होतात. पुस्तकातल्या दोघींचं नातं वेगळं आहे हे तुला कळलं, सासूबाईंना तर तुझ्याआधी कळलं. त्यानं विचारलं तर सांग, ‘या दोघी जोडीनं राहतात, मी आणि काका राहतो तशा, आणि ही त्यांची मुलगी.’ नाही विचारलं तर पान उलट. सासूबाईंनी विषय काढलाच तर त्यांना एवढं ठाऊक असू दे की असं प्रेम २०१८ पासून आपल्याकडे गुन्हा नाही. लग्नाची मान्यता सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये दिली नाही, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा दाखव, खुशाल दाखव. फक्त काढ्यासारखी पाजू नकोस. आई गेलेल्या मुलाच्याच गोष्टी शोधून आणायला लागलीस तर आठ दिवसांत त्याच्या लक्षात येईल की आपल्याला काहीतरी झालंय आणि हे त्यावरचं औषध आहे. त्यापेक्षा गोष्ट हरवलेल्या बकरीची असावी, आणि बकरी शोधणाऱ्या मुलाच्या घरी सहज, काही न सांगता, नुसती मावशी असावी. ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं मागवून बघ. पैसे नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर मोबाइलवर फुकट उघडतं. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, त्यामुळे नावं बदलून, अहिराणीत उतरवून घ्यायलाही कुणाची हरकत नाही.

आणि एक पुस्तक तू घरी कर. चार कोरे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमड, घडीवर सुईदोरा घाल. सोळा पानं झाली. पहिल्या पानावर बहिणीचा फोटो : ‘ही आई. मी हिच्या पोटात होतो.’ दुसऱ्यावर तू : ‘ही मावशी. हिनं मला बाटलीनं दूध पाजलं.’ मग काका, ज्यांच्या खांद्यावर बसून सारंगखेड्याच्या जत्रेतले घोडे पाहिले. एक पान सुरतच्या पप्पांना. ते टाळू नकोस, पोरं टाळलेलं पान बरोबर ओळखतात. एक पान सासूबाईंना दे आणि फोटो त्यांनाच निवडू दे. स्वतःचा फोटो असलेलं पुस्तक कुणी माळ्यावर टाकत नाही, हा माझा अनुभव आहे.

‘आई म्हण’ असा आग्रह मात्र धरू नकोस. या पोराला नात्याची वानवा नाही, नात्याला शब्दही आहे, आणि तो ‘मावशी’ आहे.

आता तू जाता जाता लिहिलेली ती शेवटची ओळ. मला विचारशील तर खरं दुखणं तिथं आहे, पुस्तकात नाही. कानबाईच्या रोटाला आमच्याकडेही घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. परात मधे, नावं पुकारायची, मूठ सोडायची. सहा वर्षांचं पोर काठाशी बसून आपल्या नावाची वाट बघतं आणि परात उचलली जाते. कूळ वेगळं तर मूठ वेगळी, असं सासूबाई म्हणत असतील तर ते खोटं नाही. पण मग त्याच्या कुळात ती पडते का? भावजींना फोन करून विचार. पडत असेल तर पुढच्या श्रावणात त्यांनीच त्याला कळवावं, ‘तुझी मूठ इथं घातली रे.’ हा फोन नवऱ्याकडून करून घे, साडू साडूशी बोललेला बरा.

पडत नसेल तर मनातलं एकदाचं बोलून टाका : दत्तक. दत्तक गेला की कूळ बदलतं, ही रीत सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं दत्तकपत्र करता येतं, ते तुमच्या घराला लागू पडतं का हे वकील सांगेल. दुसरा रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. त्यात मावशी ‘नातेवाईक’ धरली जाते. चौकशी नंदुरबारच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात कर. हुकूम आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. भावजींची संमती लागेल, आणि पोर पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही. म्हणजे त्याला समोर बसवून विचारावंच लागणार आहे. विचारायच्या आधी घरचं पुस्तक तेवढं शिवून ठेव.

– काकू